मुलांसाठी पुस्तक काढायचंय? आधी वाचणारं मूल ठरवा

एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे. तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिकवतात. वर्गात आणि घरी सांगितलेल्या वीसेक गोष्टी त्यांनी वहीत उतरवल्या आहेत. आता पुस्तक काढायचंय. ‘प्रकाशन पॅकेज’ देणाऱ्या एका मंडळींनी सगळ्या गोष्टींचं रंगीत पुस्तक ४५ हजारांत काढून देतो, वर आयएसबीएन हा पुस्तकावरचा क्रमांकही देतो, असं सांगितलंय. पैसे भरावेत का, चित्रं कुणाकडून काढून घ्यावीत, कॉपीराइट आधी करून ठेवावा का आणि चांगल्या प्रकाशकापर्यंत पोचायचं कसं, असं त्या विचारतात. मी बरीच वर्षं मुलांसाठी लिहिते आणि इतरांचं लिखाण संपादितही करते, त्यामुळे जरा ऐसपैस उत्तर देते.

ताई, पैसे भरू नका. प्रकाशक म्हणजे जो स्वतःचे पैसे घालतो, पुस्तक विकतो आणि विक्रीतला वाटा लेखकाला देतो तो. पॅकेजवाले बेकायदा काही करत नाहीत, पण त्यांची कमाई तुमच्याकडूनच होऊन गेलेली असते. मग पुस्तक विकलं गेलं काय आणि नाही काय, त्यांना फरक पडत नाही. संपादनाच्या नावाखाली फार तर शुद्धलेखन तपासलं जातं. प्रतींचे गठ्ठे तुमच्या घरी येतात आणि पुढे वाढदिवसाला, हळदीकुंकवाला वाटले जातात. आयएसबीएनचं म्हणाल, तर तो भारतात फुकट मिळतो. केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी तो देते, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही मिळतो. तो पुस्तकाचा ओळखक्रमांक आहे, एवढंच. त्यानं पुस्तकाचा दर्जा ठरत नाही आणि कॉपीराइटही मिळत नाही.

आता मुद्द्याचं. वीस गोष्टी झाल्या म्हणजे पुस्तक झालं असं मुलांच्या बाबतीत होत नाही. तुम्ही पाठवलेल्या यादीत एसटीत विसरलेल्या छत्रीची गोष्ट आहे. ती चार-पाच वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन वाचून दाखवायची गोष्ट. विहिरीत पडलेल्या मांजराची गोष्ट दुसरीतलं मूल अडखळत का होईना, स्वतः वाचेल. आणि आईबापांबरोबर ऊसतोडीला जावं लागणाऱ्या मुलीची गोष्ट दहा-बारा वर्षांच्या वाचकाची आहे. तिन्ही एका पुस्तकात घातल्या तर ते पुस्तक घ्यायचं कुणी? चार वर्षांच्या मुलाच्या आईला त्यात एकच गोष्ट कामाची सापडणार आणि सहावीतला मुलगा मुखपृष्ठावरची छत्री बघून ‘हे बाळांचं आहे’ म्हणत पुस्तक खाली ठेवणार. दुकानात मुलांची पुस्तकं वयानुसार लावलेली असतात. शाळेच्या ग्रंथालयातही इयत्तेनुसार निवडतात. म्हणून प्रत्येक गोष्टीच्या वर पेन्सिलीनं लिहा, हे कुठलं मूल वाचणार आहे, आणि स्वतः वाचणार की कुणाकडून ऐकणार. शब्द किती, पानं किती, चित्रं किती, प्रकाशक कोणता, किंमत काय, हे सगळं पुढे याच एका टिपणावरून ठरत जातं.

अंदाज यावा म्हणून एक सोयीची मोजपट्टी सांगते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मोफत ऑनलाइन गोष्टींच्या संग्रहात चार पातळ्या आहेत. पहिली अडीचशे शब्दांपर्यंत, दुसरी २५० ते ६००, तिसरी ६०० ते १५०० आणि चौथी त्यापुढची. तिथे मराठी गोष्टीही भरपूर आहेत. प्रत्येक पातळीच्या दहा-दहा वाचून काढा, म्हणजे अडीचशे शब्दांत काय काय मावतं ते कळेल. नवीन लेखक चार वर्षांच्या मुलासाठी हमखास बाराशे शब्द लिहितात. वाचून दाखवणाऱ्या बाबांचा घसा सुकतो आणि पोरगं तिसऱ्या पानावरच खाली उतरून पळतं.

तुमची छत्रीची गोष्ट घेऊ. तिची सुरुवात अशी आहे: ‘एके दिवशी सायंकाळच्या सुमारास आकाशात काळेकुट्ट मेघ दाटून आले आणि विजांचा प्रचंड कडकडाट होऊ लागला. ते दृश्य पाहून छोट्या मीराच्या कोमल मनात भीतीची लहर उमटली.’ वाईट लिहिलंय असं नाही, निबंधाला यावर चांगले गुण मिळतील. पण तुम्ही ही गोष्ट वर्गात सांगता तेव्हा अशी सांगता का? नक्कीच नाही. तोंडी सांगताना तुम्ही म्हणत असणार, ‘आभाळ भरून आलं. कडाड्! मीरानं आजीचा पदर ओढून डोक्यावरच घेतला.’ पंचवीस शब्दांचं काम दहा शब्दांत झालं, आणि मीरा घाबरली हे न सांगता कळलं. चित्र असेल तर अजून उतरवता येईल, कारण भरून आलेलं आभाळ चित्रकारच दाखवणार. मग पानावर उरतं, ‘कडाड्! मीरानं आजीचा पदर ओढला.’ बास. आपल्याकडे सांगताना जी जिवंत भाषा येते ती लिहायला बसलं की कुठे गायब होते कोण जाणे. शाळेत घोटवून घेतलेली ग्रांथिक मराठी लगेच हातात येते. त्यावर माझा साधा उपाय आहे. गोष्ट मुलांना सांगताना फोनवर रेकॉर्ड करा, मग ते ऐकत ऐकत लिहून काढा आणि त्यातून गाळत जा.

मांजराची गोष्ट वेगळ्या कारणानं अवघड आहे. ती मूल स्वतः वाचणार. पहिली-दुसरीतल्या मुलाला जोडाक्षर आलं की तो अडतो, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार! तरी लिहिताना आपण सहज ‘स्वच्छ’, ‘निश्चय’, ‘उत्साहाने’ लिहून जातो. अगदी सुरुवातीच्या वाचकासाठी लिहिताना जोडाक्षरं शक्यतो टाळा, एका वाक्यात चार-पाच शब्द ठेवा, आणि नवा शब्द एकदा आला की पुढच्या पानांवर दोन-तीनदा परत येऊ द्या. हे दिसतं सोपं, पण करून बघा. जोडाक्षर नको म्हणून ‘त्या’ आणि ‘म्हणाला’सुद्धा गाळायचं ठरवलं की लेखक रडकुंडीला येतो. इतकं कडक राहायची गरज नाही. रोजच्या बोलण्यातली जोडाक्षरं मुलं अंदाजानं वाचतात. शिवाय जोडाक्षर टाळण्याच्या नादात ‘कमल नमन कर’ छापाची बेचव वाक्यं तयार झाली तर पुस्तक पाठ्यपुस्तकाची पुरवणी होऊन बसतं. मांजर विहिरीत पडलंय, वर सगळे जमलेत, आता काय होणार, ही उत्सुकता असेल तर मूल एखाद्या जोडाक्षराशी झगडायला तयार असतं.

एक मात्र निक्षून सांगते. तुमच्या वीसपैकी निदान सात-आठ गोष्टी ‘म्हणून मुलांनो’ने संपतात. ते काढा. छत्री परत मिळाली, कंडक्टरकाकांनी ती जपून ठेवली होती, यात जे कळायचं ते कळलं. त्यावर प्रामाणिकपणाचं महत्त्व सांगितलं की गोष्टीची शाळा होते. आपल्याकडे पालक आणि शाळा पुस्तक विकत घेताना ‘यातून बोध काय?’ असं विचारतात हे खरं, आणि विक्रेतेही त्याच भाषेत बोलतात. पण आजचे चांगले संपादक शेवटचं तात्पर्य पाहिलं की हस्तलिखित बाजूला ठेवतात. मीही ठेवते.

कवितांबद्दलही लिहायला हवं, कारण माझ्याकडे दहांतली सात पाकिटं कवितांची असतात. यमक जुळलं म्हणजे बालकविता झाली असा समज फार आहे. ‘ससा’ला ‘हसा’ आणि ‘फुले’ला ‘मुले’ जोडून झालं की खाली सही. मोठ्यानं म्हणताना कविता टाळीवर बसते का, ते बघा. एखादी मात्रा कमी-जास्त झाली की मुलं तिथेच अडखळतात, आणि मुलांचा कान या बाबतीत समीक्षकापेक्षा कडक असतो. ज्ञानपीठ मिळालेल्या विंदा करंदीकरांनी मुलांसाठीही भरपूर कविता लिहिल्या. त्या पुन्हा मोठ्यानं वाचा आणि लय कुठेही सांडत नाही हे कानानं तपासा. निदान अष्टाक्षरी, म्हणजे आठ-आठ अक्षरांची ओळ, तरी हातात घट्ट बसवा, मग मुक्तछंदाकडे जा.

आता हाताने करायचं एक काम. छत्रीच्या गोष्टीची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, बनवा. साधे चार ए-फोर कागद आडवे धरून एकत्र मधोमध दुमडा, पिना मारा. सोळा पानं झाली. चित्रपुस्तकं बहुधा अशीच १६, २४ किंवा ३२ पानांची असतात, कारण छापखान्यात मोठा कागद छापून, घड्या घालून, कापला जातो. तुम्हाला वाटलं म्हणून १९ पानांचं पुस्तक होत नाही. पहिल्या पानावर शीर्षक, दुसऱ्यावर प्रकाशकाची माहिती, श्रेयनामं वगैरे. गोष्ट तिसऱ्या पानावर सुरू होते. त्यापुढे ४-५, ६-७ असं करत १४-१५ पर्यंत सहा जोडपानं मिळतात आणि सोळावं पान एकटं. म्हणजे तुमच्या हातात एकूण आठ दृश्यं आहेत. गोष्टीच्या ओळी कापून त्या त्या पानावर चिकटवा. चिकटवतानाच लक्षात येईल की पहिल्या चार जोडपानांत मीरा आणि आजी एसटी स्टँडवर नुसत्या उभ्या आहेत. चित्रकारानं चारदा एसटी स्टँड काढायचा का? आणि छत्री हरवल्याचं कळतं ते नेमकं डावीकडच्या पानावर, म्हणजे पान उलटण्याच्या आधी नाही, उलटल्यावर लगेच, म्हणून धक्काच बसत नाही. ‘अगं, माझी छत्री?’ हे उजवीकडच्या पानाच्या शेवटच्या ओळीला आणा. मूल स्वतःच पान उलटेल. हस्तलिखित सपाट कागदावर वाचताना ही गोष्ट कधीच दिसत नाही. चित्रपुस्तकाचा लेखक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधी कात्री आणि गोंद घ्यायला लावते.

चित्रं तुम्ही काढून घेऊ नका. नवीन माणसाला हे पटत नाही. ओळखीच्या कुणाकडून तरी हजार-दोन हजारांत चित्रं काढून घेतात, हल्ली तर एआयकडून करून घेतात, आणि सगळं जोडून पाठवतात. प्रकाशकाला आधी मजकूर हवा असतो. मजकूर आवडला तर त्याला साजेसा चित्रकार तो स्वतः निवडतो आणि त्याचं मानधनही तोच देतो. तुमची चित्रं कच्ची असतील तर चांगला मजकूरही त्यांच्यासोबत परत येतो. एआयच्या चित्रांत तर दर पानावर मीराचा चेहरा आणि फ्रॉक बदलतो, एसटी परदेशी बससारखी दिसते आणि आजीची नऊवारी भलतीकडेच सुटलेली असते. अपवाद एकच, तुम्ही स्वतः उत्तम चित्रकार असाल तर. माधुरी पुरंदरे लिहितात आणि चित्रंही काढतात, आणि त्यांच्या पुस्तकांत शब्द कुठे थांबतो आणि चित्र कुठे बोलायला लागतं हे शिकण्यासारखं आहे. त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. बाकीच्यांनी मजकुरात गरज असेल तिथे कंसात एक ओळ लिहावी: ‘चित्रात मांजर छत्रीखाली लपलेलं दिसतं, मजकुरात नाही.’ तेवढं पुरे.

पुस्तकाची घाई न करता आधी मासिकांत लिहा, हा माझा आग्रह असतो. मुलांच्या मासिकांची आपली परंपरा जुनी आहे. वा. गो. आपट्यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ सुरू केलं, आणि पुढच्या कित्येक बालसाहित्यिकांचा हात मासिकांतच बसला. आज बालभारतीचं ‘किशोर’ आहे, ते १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन मोफत वाचायला ठेवले आहेत. त्यातले सत्तर-ऐंशीच्या दशकातले अंक नुसते चाळले तरी मराठीतले मोठमोठे लेखक मुलांसाठी कसे लिहीत ते दिसतं. अगदी लहानांसाठी ‘चिकूपिकू’, थोड्या मोठ्यांसाठी ‘वयम्’, ज्ञान प्रबोधिनीचं ‘छात्र प्रबोधन’, आणि ‘साधना’चा बालकुमार दिवाळी अंक. पुन्हा तेच, आधी वय बघा. ऊसतोडीच्या मुलीची गोष्ट ‘चिकूपिकू’ला पाठवून उपयोग नाही.

पाठवायची रीत साधी आहे. युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल, वर नाव, पत्ता, फोन, कुठल्या वयासाठी आणि एकूण शब्द. वहीच्या पानाचे मोबाइलवरून काढलेले फोटो पाठवू नका, संपादकाला ते परत टाइप करावे लागतात. एकच गोष्ट एकाच वेळी दोघांना पाठवू नका. दोन्हीकडे छापून आली तर पुढे दोन्ही दारं बंद होतात. दोन-अडीच महिने वाट बघून एक सभ्य स्मरणपत्र पाठवायला हरकत नाही. दिवाळी अंकासाठीचं लिखाण गणपतीत पाठवून चालत नाही. तोवर बरेचसे अंक जुळून तयार झालेले असतात. जूनमध्ये, फार तर जुलैच्या मध्यापर्यंत पाठवा. आणि पावसाळ्यावरची गोष्ट मार्च-एप्रिलमध्येच संपादकाच्या टेबलावर हवी, कारण जुलैच्या अंकाचं काम तेव्हा सुरू होतं. मानधन किरकोळ असतं, कधी नुसता अंक येतो. पण छापून आलेल्या पाच-सहा गोष्टी हीच प्रकाशकाकडे जायची तुमची चिठ्ठी.

स्टोरीवीव्हरवर स्वतःची गोष्ट टाकता येते, अनेक जण टाकतात. टाकण्याआधी एवढं समजून घ्या की तिथलं लेखन क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुलं होतं. तुमचं नाव देऊन कुणीही ते छापू शकतं, भाषांतर करू शकतं, विकूसुद्धा शकतं, आणि तुम्हाला पैसे द्यायला बांधील नसतं. गोष्ट दूरवर पोचावी एवढीच इच्छा असेल तर जागा उत्तम आहे. मात्र जी गोष्ट पुढे पुस्तक म्हणून विकायची आहे ती तिथे टाकू नका.

प्रकाशक शोधताना दुकानात जा. पुण्या-मुंबईला येणं झालं की मुलांच्या कपाटासमोर दोन तास बसा, नाहीतर जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात फिरा. तुमच्या गोष्टीसारखी पुस्तकं कोण काढतं ते श्रेयपानावर बघून टिपून घ्या. मराठीत मुलांच्या पुस्तकांवर सातत्यानं काम करणारं नाव म्हणजे ज्योत्स्ना प्रकाशन. रोहन, राजहंस, मनोविकास यांच्याही यादीत मुलांची पुस्तकं आहेत. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स आणि चेन्नईचं तूलिका ही मंडळी अनेक भाषांत एकच पुस्तक काढतात, त्यात मराठीही असते. फरक लक्षात घ्या. एकच चित्र पाच-सहा भाषांना चालवलं की रंगीत छपाईचा खर्च विभागला जातो, म्हणून अशा प्रकाशकांना सगळीकडे चालेल अशी गोष्ट लागते. तुमची एसटी आणि कंडक्टरकाका तिथे नेता येतील का, हा विचार करून पाठवा. उलट ऊसतोडीची गोष्ट ठाम मराठी प्रकाशकाकडेच जायला हवी. आणि खरं सांगायचं तर मला तुमच्या यादीत तीच सगळ्यात मोलाची वाटते. कावळा-चिमणी, राजा-राणी आणि शहरातल्या सोसायटीतली मुलं, यावर आपल्याकडे ढिगानं पुस्तकं आहेत. साखरशाळेतलं, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेतलं, मूल पुस्तकात क्वचितच सापडतं. माहितीपर पुस्तकांचीही तशीच वानवा आहे. गावातली विहीर कशी खणतात, एसटी डेपोत रात्री काय चालतं, हे आठ वर्षांच्या मुलाला कळेल असं लिहून द्या. संपादक ते पाकीट आधी उघडतील.

पहिल्या पुस्तकासाठी अनुदानाची एक वाट आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे आणि तिच्यात बालवाङ्मयालाही जागा आहे. अर्जाची मुदत आणि अटी दरवर्षीच्या जाहिरातीत येतात, त्या तेव्हाच वाचा.

करार. इथे मराठी लेखक संकोचतो. ‘आपलेच लोक आहेत, कागद कशाला?’ कागद हवाच. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतर करायचं तर लेखी आणि सही केलेलं हवं; कुठलं पुस्तक, कुठले हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे त्यात असायला हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ‘सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे’ या ओळीवर सही करू नका. मराठी आवृत्तीचे छापील हक्क द्या. भाषांतर, ऑडिओ, ई-बुक, नाट्यरूपांतर यांचं वेगळं लिहून घ्या, किंवा द्यायचेच असतील तर त्यातला तुमचा वाटा लिहून घ्या. मानधन साधारण छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतं. चित्रपुस्तकात लेखक आणि चित्रकार ते वाटून घेतात, आणि ते न्याय्यच आहे. काही ठिकाणी एकरकमी देतात. एकरकमी घेतलंत तर ती रक्कम एका आवृत्तीसाठी आहे की सगळ्या आवृत्त्यांसाठी, एवढं तरी कागदावर आणा. आवृत्ती किती प्रतींची, वर्षातून कधी हिशेब मिळणार आणि पुस्तक संपून दोन वर्षं छापलं गेलं नाही तर हक्क परत येणार का, हेही विचारा. हे विचारल्यानं कुणी नाराज होत नाही. होत असेल तर त्यांच्याकडे जाऊच नका.

कॉपीराइट ‘करून ठेवायचा’ नसतो. तुम्ही गोष्ट लिहिली त्या क्षणी तो तुमचा झाला. नोंदणी ऐच्छिक आहे. साहित्यकृतीसाठी तिचं शुल्क ५०० रुपये आहे आणि वाद कोर्टात गेला तर पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. वीस गोष्टींच्या वीस नोंदण्या करत बसू नका. ज्या मेलमधून गोष्ट पाठवली तो मेल जपून ठेवा. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. छत्री हरवण्याची गोष्ट उद्या दुसऱ्या कुणी लिहिली तर तक्रार करता येणार नाही. तुमच्या यादीत तीन लोककथा आहेत, त्यांचं मूळ सगळ्यांचं आहे, पण त्या तुम्ही कुठल्या अलीकडच्या पुस्तकातून जशाच्या तशा घेतल्या असतील तर ती मांडणी त्या लेखकाची आहे. लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ च्या सुरुवातीपासून मुक्त झालं. तुम्ही शेवटी ज्या कवीच्या चार ओळी घातल्या आहेत ते मात्र हयात आहेत. परवानगी घ्या, नाहीतर ओळी काढा.

एवढं सगळं वाचूनही स्वतःच काढावंसं वाटत असेल, तर निदान डोळे उघडे ठेवून काढा. चाररंगी ऑफसेट छपाईत प्लेट, मशीन लावणं हा खर्च सुरुवातीलाच होतो, मग प्रती १०० काढा की हजार. म्हणून थोड्या प्रती महाग पडतात. शे-दोनशे प्रतींसाठी डिजिटल छपाई बरी. हिशेब असा करा. पुस्तकाची किंमत १०० रुपये ठेवलीत तर वितरक आणि दुकानदार मिळून ४०-४५ टक्के सहज घेतात. उरलेल्या ५५-६० मध्ये छपाई, चित्रकार, अक्षरजुळणी, टपाल आणि न विकल्या गेलेल्या प्रती. छपाईच ५० रुपयांना पडली तर प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे तुम्ही पदरचे घालताय. किंमत वाढवली तर मराठी पालक पुस्तक परत फडताळावर ठेवतो आणि त्याच पैशांचा पिझ्झा घेतो, हा अनुभव सगळ्याच प्रकाशकांचा आहे. त्यापेक्षा मोठ्या मुलांची गोष्ट असेल तर आत काळ्या रेखाचित्रांवर भागवा. भागतं, आणि कधी कधी जास्त छान दिसतं.

अक्षरजुळणीकडे स्वतः लक्ष द्या. अजून बरेच जुळारी श्रीलिपी या युनिकोडपेक्षा वेगळ्या, जुन्या फाँटच्या प्रणालीत काम करतात. तुमची युनिकोड फाइल तिथे बदलून घेताना रफार सरकतात, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र भलताच येतो, ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो. शेवटचं प्रूफ कागदावर घेऊन, ओळीवर पट्टी ठेवून वाचा. सहा-सात वर्षांच्या वाचकासाठी अक्षर १८-२० पॉइंटांपेक्षा लहान नको, आणि ‘ल’ आणि ‘श’ शाळेत गिरवतात तसे मराठी वळणाचेच हवेत. हिंदी वळणाचा ‘श’ पाहून पहिलीतलं मूल खरोखर थांबतं. चित्रावर मजकूर छापणार असाल तर गडद निळ्यावर काळं अक्षर टाकू देऊ नका. चित्र कडेपर्यंत जाणार असेल तर कापणीसाठी चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त ठेवायला सांगा, नाहीतर मीराचे पाय कापले जातात. छापून झाल्यावर कायद्यानं एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवावी लागते, आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांनाही. १९५४ चा तो कायदा आहे, आणि स्वतः छापणारे हटकून विसरतात.

विक्रीचं काम लिहिण्यापेक्षा कंटाळवाणं आहे, पण तुमच्याकडे एक मोठी सोय आहे. तुम्ही शिक्षिका आहात, शेजारच्या शाळांत ओळखी आहेत. शाळेत जाऊन गोष्ट वाचून दाखवा. प्रती मुलांना न विकता शाळेच्या ग्रंथालयाला द्या. मुलांच्या खिशात पैसे नसतात, आणि वर्गात चार जणांनी घेतलं की उरलेल्यांची तोंडं उतरतात. तालुक्याच्या शासनमान्य वाचनालयांना भेटा, त्यांना दरवर्षी पुस्तकखरेदीसाठी अनुदान असतं आणि बालविभागासाठी पुस्तकं लागतातच. मार्चच्या आत गाठा. दुकानात प्रती ठेवायच्या तर चलन, म्हणजे प्रती दिल्याची पावती, करा, त्यावर प्रतींची संख्या, सवलतीचा दर आणि हिशेबाची तारीख घाला, दुकानदाराची सही घ्या. आणि पहिल्याच खेपेला पन्नास प्रती देऊ नका. पाच द्या, संपल्या की फोन येतो.